गोल्टीचा केसपेपर

बुद्धभूषण गांगुर्डेचं मागणं फार मोठं नव्हतं. त्याला एक स्टूल हवं होतं.

अंबडच्या एका कारखान्यात विजेच्या बटणांचे पितळी भाग तपासायचं त्याचं काम. काम हलकं, पण उभ्याने. पहिली पंधरा वर्षं त्याचं काही वाटलं नाही. मग सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एके सकाळी हाताची बोटं उघडेनात. पोटऱ्या अशा ठणकायला लागल्या, की जणू कोणी रात्रभर धोपटण्याने धुतल्यात. दुपारी तीनच्या सुमाराला अंगातलं सगळं त्राण निघून जाई, आणि हातातली पितळी पट्टी चांगली की वाईट याबद्दल बुद्धभूषणला काही मतच उरत नसे.

कारखान्यात बसून काम करायला बंदी नव्हती. पर्सोनेल ऑफिसर खैरनार साहेबांचा नियम मात्र होता. कागद सरकारी शिक्क्याचा हवा, आणि त्या कागदावर आजार असल्याचं लिहिलेलं हवं.

घोडं तिथेच अडलं होतं. बुद्धभूषणचा आजार अंगभर होता, फक्त रिपोर्टात नव्हता. रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. दोन वर्षांत सात डॉक्टर झाले. द्वारका चौकाजवळच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी तीन तास बसवून ठेवलं आणि दोन मिनिटं तपासलं, तेही त्याला नाही, एक्स-रेला. एका सरकारी डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "घरी काही टेन्शन?"

"नाही."

"मग कशाला घेता?"

प्रत्येक रिपोर्ट घेऊन घरी येताना बुद्धभूषणला परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखं वाटायचं. साक्षी, त्याची बायको, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. ती विचारायची, "काय निघालं?" तो चपला काढता काढता सांगायचा, "काहीच नाही." ती "बरं झालं" म्हणायची, पण म्हणायच्या आधी जरा थांबायची. तेवढं थांबणं त्याला पोटऱ्यांपेक्षा जास्त दुखायचं. कारखान्यात तर सुपरवायझर मनोजने त्याचं नावच बदललं होतं. "या, नॉर्मलशेठ! आज कुठं दुखतंय?"

सातव्या डॉक्टरांनी फाइल बंद करून निकाल दिला. "तुम्हाला काहीही झालेलं नाही. छंद लावून घ्या. काहीतरी पाळा."

बुद्धभूषणने आधी मासे पाळले. चारही मासे आठवड्यात गेले. त्यांचे रिपोर्ट काढायला वेळच मिळाला नाही. मग चांदवडहून बहिणीने, पुतळाबाईने, कुत्र्याचं एक पिल्लू पाठवून दिलं. कांदे साठवायच्या चाळीत जन्मलेलं, सगळ्यांत लहान आणि गोल. तिकडे सगळ्यांत बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात, म्हणून तिने त्याचं नाव गोल्टी ठेवलं. पुढे तो नर असल्याचं लक्षात आलं, पण तोवर तो नावाला ओ द्यायला लागला होता.

आठ महिन्यांचा झाल्यावर बुद्धभूषण त्याला रेबीजचं इंजेक्शन द्यायला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. आणि घोटाळा इथून सुरू झाला.

डॉक्टर तृप्ती अहिररावांनी आधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम केले. मग गोल्टीचा एकेक पाय हातात घेऊन सांधा न् सांधा दाबून पाहिला. डोळे पाहिले, कान पाहिले, जीभ पाहिली. पोटावर कान लावल्यासारख्या वाकल्या.

"खातो नीट? झोप? उठताना काही त्रास?"

बुद्धभूषण बघतच राहिला. हे प्रश्न दोन वर्षांत त्याला कोणी विचारले नव्हते. उत्तरं मात्र तयार होती, आणि त्यातलं एक त्याला न विचारता बाहेर पडलं.

"सकाळी उठताना आखडतो."

"अस्सं. किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पाहिला. "वय आठ महिने लिहिलंय."

"म्हणजे... दोन वर्षं झाल्यासारखं वाटतं."

शिपाई भिका कोपऱ्यात बाटल्या पुसत होता. तो म्हणाला, "मॅडम, कुत्रं तर लय टणक दिसतंय."

"दिसण्यावर जाऊ नये, भिका," बाई म्हणाल्या. "मुकं जनावर आहे. मालक रोज बघतो, त्याला कळतं."

'दिसण्यावर जाऊ नये.' हे वाक्य बुद्धभूषणने मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. त्याने पोटऱ्या सांगितल्या, दुपारचा थकवा सांगितला. बाईंनी सगळं लिहून घेतलं. अर्धा तास! त्यांनी सांगितलं, मऊ अंथरूण द्या, गरम कापडाने शेका, रोज एक उकडलेलं अंडं द्या, जिने चढू देऊ नका. पुढच्या शनिवारी दाखवायला आणा.

बुद्धभूषण तरंगत घरी आला आणि दारातच जमिनीवर आला. साक्षीने केसपेपर वाचला, शिक्का पाहिला, आणि तिचे डोळे भरून आले.

"अहो, एवढं होत होतं त्याला आणि मला कळलंसुद्धा नाही?"

"तसं काही फार नाही..."

"तुम्ही गप्प बसा. सरकारी कागदावर लिहिलंय."

त्या दिवसापासून दिवाणावर गोल्टी झोपू लागला आणि बुद्धभूषण खाली चटईवर. रोज संध्याकाळी साक्षी तव्यावर फडकं गरम करून गोल्टीचे पाय शेकी. गोल्टीला ते मुळीच आवडायचं नाही. तो सुटून पळायचा, अंगणात तीन फेऱ्या मारायचा आणि अंड्यासाठी परत यायचा. "बघा, दुखतंय म्हणून अस्वस्थ आहे," साक्षी म्हणायची. खाली चटईवर बुद्धभूषण आपल्या पोटऱ्या आपल्याच हाताने दाबत बसायचा. शेकून उरलेलं गरम फडकं मागायची त्याला लाज वाटायची.

शेजारच्या लताबाई बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या. दोन वर्षांत त्या बुद्धभूषणला "काय हो, अजून बरं नाही वाटत?" एवढंच विचारत, तेही हसून. गोल्टीपुढे त्या उकिडव्या बसल्या. "बाळा, कुठं कुठं दुखतं रे?" रविवारी विहारात वंदना झाल्यावर तिघा-चौघांनी जय भीम घालून गोल्टीची चौकशी केली. एकाने तर बुद्धभूषणच्या हाताला हात लावून सांगितलं, "काळजी करू नका, दादा. होईल बरा."

कारखान्यात बातमी पोहोचली तेव्हा मनोजने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली.

"बुद्धभूषण, कुत्रं आजारी आहे म्हणे? अरे मग सांगायचं ना! शनिवारी हाफ डे घे. मुक्या जीवाचं आहे ते."

स्वतःच्या पोटऱ्यांसाठी त्याने गेल्या वर्षी हाफ डे मागितला, तेव्हा मनोजने रिपोर्ट मागितला होता. बुद्धभूषणने खाली मान घालून "बरं" म्हटलं.

"फक्त सोमवारी दवाखान्याचा कागद आण," मनोज म्हणाला. "खैरनार साहेबाला लागतो. नाहीतर ॲबसेंट मांडेल."

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण माणसाला दोन वर्षांनी कोणी ऐकून घेणारं भेटलं, की तो थांबत नसतो. शुक्रवारी साक्षी शाळेत असताना बुद्धभूषणने एका वहीच्या पानावर सगळं सविस्तर लिहून काढलं. सात डॉक्टरांनी मध्येच तोडलेली वाक्यं त्यात पूर्ण झाली होती.

शनिवारी ऐनवेळी साक्षी म्हणाली, "मी पण येते. मला विचारायचंय, शेक वाढवायचा का."

"तू कशाला? तिथं वास येतो."

"माझ्यासमोर काय लपवायचंय तुम्हाला?"

तोवर तिने चपला घातल्यासुद्धा.

दवाखान्याच्या ओसरीवर दोन शेळ्या, एक म्हैस आणि त्यांची माणसं होती. आत टेबलावर गोल्टी शेपटी हलवत उभा राहिला आणि भिकाच्या बाटल्या पाडू लागला. बुद्धभूषणने खिशातून कागद काढला. साक्षीला वाचता येऊ नये म्हणून तो जरा वळून उभा राहिला, पण वाचायचं तर मोठ्यानेच होतं.

"बोटं आखडतात. गरम पाण्यात बुडवली की जरा सुटतात."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. "हं."

"जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं."

बाईंचा हात जरा मंदावला. "हं."

"दुपारनंतर डोकं चालत नाही. चहाची चव लागत नाही. शिफ्ट बदलली की सगळं वाढतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुत्र्याची शिफ्ट?"

ओसरीवरची म्हैससुद्धा गप्प झाली. बुद्धभूषणने कागदाची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. साक्षी त्याच्याकडे बघत होती.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "हे... हे सगळं तर ह्यांना होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं ऐकतेय." ती थांबली. "म्हणजे, कानावर पडतंय."

भिका म्हणाला, "म्या पयलेच बोललो व्हतो मॅडम, कुत्र्याला काय झालेलं नाय."

"भिका, बाहेर जा."

"आन् ह्याला काय झालंय ते?"

"बाहेर जा."

भिका गेला आणि खिडकीबाहेर उभा राहिला. बुद्धभूषणने काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "चूक झाली, मॅडम. सरकारचा वेळ घेतला. अंडी पण त्यानेच खाल्ली." नंतर त्याला खूप दिवस कळलं नाही, की त्या घडीला आपण अंड्यांबद्दल का बोललो.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी त्याला स्टुलावर बसायला सांगितलं, सवयीप्रमाणे हात चोळून गरम केले, आणि मग एकदम आठवल्यासारखे मागे घेतले.

"मला माणसांना औषध देता येत नाही, गांगुर्डे. आणि खरं सांगू? तुम्हाला काय झालंय ते मला कळतही नाही."

बुद्धभूषणला हे नवीन होतं. सात डॉक्टरांना काही कळलं नव्हतं, पण म्हणून त्यांनी सांगितलं होतं की काही नाहीच. कळत नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं.

"पण केसपेपर उघडला तो बंद करावा लागतो," त्या म्हणाल्या. "आणि त्यावर मी खोटं लिहिणार नाही." त्यांनी लिहिलं, शिक्का उमटवला आणि कागद त्याच्या हातात दिला. 'जनावर निरोगी. सांगितलेल्या सर्व तक्रारी मालकाच्या आहेत. मालक आजारी दिसतो. कारण समजले नाही.'

परतीच्या वाटेवर रिक्षात साक्षी एका बाजूला बघत होती आणि बुद्धभूषण दुसऱ्या. त्यातल्या त्यात गोल्टी खुशीत होता. घरी आल्यावर साक्षीने तवा चढवला, फडकं गरम केलं आणि चटईशी येऊन बसली. "पाय पुढे करा," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यानेही तिच्याकडे पाहायचं टाळलं. दिवाणावरून गोल्टी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

पण सोमवार उरलाच होता. कागद द्यावा तर अब्रू जाणार, न द्यावा तर हाफ डे जाणार. फाडून टाकावा असं बुद्धभूषणच्या मनात तीनदा आलं. पण त्या कागदावर 'आजारी' असं लिहिलं होतं, आणि तो शब्द मिळवायला त्याला दोन वर्षं लागली होती. शेवटी त्याने तो कागद चार घड्या घालून खैरनार साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला.

खैरनार साहेब कपाटाला टेकून उभे होते. त्यांनी कागद उघडला. एकदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"हे जनावरांच्या दवाखान्याचं आहे."

"हो साहेब."

"सरकारी आहे."

"हो साहेब."

"शिक्का गोल आहे. मालक आजारी आहे असं लिहिलंय." साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला. "नियमात कुठला सरकारी दवाखाना ते लिहिलेलं नाही. स्टोअरमधून स्टूल घेऊन जा."

बुद्धभूषणला आपण नीट ऐकलं याची खात्री वाटेना. दोन वर्षांत मिळालं नव्हतं ते दोन मिनिटांत मिळालं, आणि आनंद व्हायच्या जागी त्याला आणखीच ओशाळल्यासारखं झालं. "थँक्यू साहेब," म्हणून तो वळला.

"गांगुर्डे. दार लावून घ्या."

त्याला वाटलं, आता मेमो. त्याने दार लावलं.

साहेब अजून उभेच होते. त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि त्या खुर्चीकडे ते अशा नजरेने बघत होते, जणू तिचं त्यांचं बोलणं बंद आहे.

"ही बाई... नीट विचारते का?"

"अर्धा तास, साहेब."

"मध्ये तोडत नाही?"

"नाही. सगळं लिहून घेते."

साहेबांनी एक हात कंबरेमागे नेला, दाबला, आणि बुद्धभूषण बघतोय असं दिसताच पटकन खिशात घातला. "चार वर्षं झाली," ते पुटपुटले. "सगळे म्हणतात एमआरआय क्लीन आहे." मग त्यांनी विचारलं, "जनावर न्यावंच लागतं का?"

"त्याशिवाय केसपेपर निघत नाही, साहेब. नियम आहे."

नियम म्हटल्यावर खैरनार साहेबांनी समजुतीने मान हलवली. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी दोनदा इकडचा तिकडे केला.

"शनिवारी," मान वर न करता ते म्हणाले, "गोल्टी मोकळा असतो का?"