उत्तरतालिकेतला नाग

पांढुर्ण्याच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात परीक्षेचे पेपर यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेने काढावेत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यामुळे पेपर काढणाऱ्या डॉ. हेमराज यांना पुस्तक उघडण्याची गरज उरली नाही. तशी ती आधीही त्यांना फारशी भासली नव्हती.

यंत्राने विचारले : नाग चावल्यास प्रथम काय करावे? त्याच्याच उत्तरतालिकेत बरोबर उत्तर म्हणून आले, 'जखमेला चीर देऊन रक्त चोखावे.' हेमराजांनी न वाचता सही केली.

रामाकोन्याच्या प्रणाली नावाच्या विद्यार्थिनीने 'अवयव न हलवता तातडीने दवाखान्यात न्यावे' यावर खूण केली आणि एका मार्काने नापास झाली. तिने तक्रार केली. समिती बसली. समितीने यंत्रालाच विचारले. यंत्र म्हणाले, विद्यार्थिनीचे बरोबर आहे, क्षमस्व. हेमराजांनी दरडावले, "मग आमची तालिका चुकली का?" यंत्र म्हणाले, तुमचेही बरोबर आहे, क्षमस्व. समितीने दुसरी क्षमा ग्राह्य धरली. ती ताजी होती.

मग प्रणालीने बापालाच, हिरामणला, समितीपुढे उभे केले. त्याला काही वर्षांपूर्वी कपाशीत नाग चावला होता. ती तेव्हा शाळकरी होती. पाय फळीला बांधून सौंसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिने बापाचा हात सोडला नव्हता.

"जखम चिरली होती?" हेमराजांनी विचारले.

"नाही जी. दवाखान्यात सुई देल्ली."

"मग तुम्ही वाचलात कसे?"

"आता ते मले काय माहीत? पण जिता तं आहो ना."

समितीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. "तसं दिसतं," हेमराज म्हणाले, "पण तालिकेशी जुळत नाही."

हिरामण अभ्यासक्रमाबाहेर असल्याचा शेरा मारून तक्रार निकाली निघाली.

फेरपरीक्षेत तोच पेपर आला. प्रणाली घरी आली तेव्हा हिरामण अंगणात बसला होता.

"काय लिवलं व?"

"चिरून चोखावं."

"असं कायले लिवलं?"

"पास व्हायचं होतं, बाबा."

ती पास झाली. तिचे खरे उत्तर तिला अजून आठवते. मात्र बाकीची बॅच पहिल्याच फटक्यात पास झाली. त्यांना दुसरे उत्तर ठाऊकच नाही. त्यांतला एक परवा तुमच्या चौकात दवाखाना उघडून बसला. तुम्हीच तर शेजाऱ्याला सांगून राहिले होते, पोरगा लय हुशार आहे, एकदाही नापास झाला नाही.