कन्यासाहेबांची पहिली फत्ते आणि तीर्थरूपांची टोपी

मंगल असो. टेनिसच्या मैदानी थोर थोर स्त्रिया जाहल्या, त्यांनी चषक नेले, कीर्ती नेली, घड्याळांच्या जाहिराती नेल्या; त्यांच्या कथा जगजाहीर. परंतु पहिल्या फेरीचा उंबरठा ओलांडता ओलांडता ज्यांचे गुडघे ऐन विशीत कुरकुरू लागले, त्यांची वास्तपुस्त कोणी केली नाही. ऐसियास व्यावसायिक वीरांगना कन्यासाहेब यांची पहिली फत्ते कैसी जाहली, ते यथामती लिहितो. आम्ही कोणाचे मिंधे नाही, सबब ज्याचे श्रेय त्यास देऊ आणि ज्याचे नाही त्याचीही समजूत काढू.

कन्यासाहेबांचे तीर्थरूप विमा कचेरीत हुद्द्यावर होते. कन्येने आठव्या वर्षी चेंडू मारून शेजाऱ्यांची खिडकी फोडली, ते पाहून त्यांस साक्षात्कार जाहला, आणि मग त्यांनी चाकरी सोडली, आणि मग टेनिसची पुस्तके आणून स्वतःस सरसेनापती हा किताब बहाल केला. आयुष्यात रॅकेट धरली ती डास मारण्यापुरती, परंतु मसलतीचा शौक दांडगा. सामना चालू असता बाहेरून सल्ला देण्यास स्पर्धेत सक्त मनाई, म्हणून त्यांनी गुप्त खुणांची तजवीज केली. टोपी पुढे ओढली तर सर्व्हिस बाहेरच्या अंगास, कान ओढला तर मधल्या रेषेवर, नाक चोळले तर चेंडू जाळ्यापलीकडे हळूच टाकणे, आणि खोकला आला तर गनिमाच्या डोक्यावरून उंच मारणे. या खुणांच्या जोरावर कन्येने लहानपणी आसपासच्या पोरींचा धुव्वा उडवला, आणि तीर्थरूपांची छाती इतकी फुगली की सदऱ्याची बटणे बेजार जाहली.

मग कन्यासाहेब अठराव्या वर्षी व्यावसायिक जाहल्या, आणि तेथे घोडे पेंड खाऊ लागले. मुलूख मुलूख कूच केले, रात्रीच्या बसगाड्यांत माना अवघडल्या, खोल्या ऐशा मिळाल्या की दार उघडावे तर आधी बॅगा पलंगावर चढवाव्या. खिडकीत धुतलेले मोजे निशाणासारखे फडकत, आणि दरेक ठिकाणी पहिल्याच फेरीत शिकस्त. चेंडू हातून सुटण्याआधीच गनीम नेमक्या जागी पाय रोवून उभा. तीर्थरूपांनी वाऱ्यास दोष दिला, चेंडूंस दिला, बुटांस दिला, मातोश्रींनी सकाळी दिलेल्या उकडलेल्या अंड्यांसही दिला; एक स्वतःस तेवढा द्यावयाचा राहिला. अखेर त्यांनी फर्मान काढले की या स्पर्धेतही पहिली फेरी हातची गेली तर रॅकेटी गुंडाळणे आणि आत्येच्या दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावे पुकारण्याच्या चाकरीस रुजू होणे. ते ऐकून कन्यासाहेब न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडल्या. दोन वर्षे हरूनही त्यांस हा खेळ सोडवत नव्हता.

लढाईचे ठिकाण पोहण्याच्या तलावामागील शेवटचे कोर्ट. पाहावयास तीर्थरूप, मातोश्री, आणि सावली शोधीत आलेले एक म्हातारे जोडपे. समोर लांब वेणीवाली गनीम. पहिला सेट तिने बघता बघता घशात घातला. मातोश्री त्या दिवशी प्रथमच पलीकडच्या बाजूस बसल्या, कारण तीर्थरूपांशेजारी बसले की त्यांचा रक्तदाब चढे. आणि तेथून त्यांस जे दिसले ते आजवर कोणास दिसले नव्हते. विश्रांतीच्या वेळी त्या कुंपणापाशी आल्या आणि जाळीतून केळे सरकवीत पुटपुटल्या, "अगं, ती तुझ्याकडे बघतच नाहीये. यांच्याकडे बघतेय." हीही मनाईच, परंतु पंच त्या समयी फोनात मग्न होते.

कन्यासाहेबांनी वळून पाहिले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. जे गुपित घरात तिघांनी जिवापाड जपले, ते साऱ्या गनिमांस तोंडपाठ होते. मग क्रोध आला, मग लाज वाटली, आणि मग हसू फुटले. तीर्थरूपांनी टोपी ओढली. वेणीवाली बाहेरच्या अंगास झेपावली. आणि कन्यासाहेबांनी चेंडू मधल्या रेषेवर हाणला. तीर्थरूपांस वाटले, पोरगी विसरली. त्यांनी कान ओढला, तिने बाहेर मारला. मग ते इतके खोकले की म्हाताऱ्या बाईंनी त्यांस पाण्याची बाटली देऊ केली. वेणीवालीची पुरती भंबेरी उडाली, दुसरा सेट गेला, तिसराही गेला, आणि तिने जाळ्यापाशी येऊन हात मिळवला.

तीर्थरूप लालबुंद होऊन खाली उतरले.

"एक खूण पाळली नाहीस. एकसुद्धा."

"सगळ्या बघितल्या, बाबा. बघून उलटं केलं. त्या सगळ्यांना तुमच्या खुणा येतात."

तीर्थरूप मटकन बॅगेवर बसले. "कधीपासून?"

"मी हरतेय तेव्हापासून."

मग ते म्हणाले, "उद्या मी खोलीवरच थांबतो."

"नाही. उद्या या, तिथेच बसा, टोपी घालून. आणि मनापासून खुणा करा. मुद्दाम खोट्या केल्यात तर कळेल त्यांना. एक-दोन सामने तरी चालेल हे."

"आणि मग?"

"मग नुसता सामना बघा. तुम्ही माझा एकही सामना बघितलेला नाहीत, बाबा."

तीर्थरूपांनी टोपी काढून हातात धरली आणि मान हलवली.

येणेप्रमाणे पहिली फेरी सर जाहली. कन्यासाहेबांचे नाव जागतिक क्रमवारीत दाखल जाहले, ते इतके तळाशी की शोधणाराचे बोट दुखावे, परंतु दाखल जाहले. आत्येच्या दवाखान्यास कळवले की मुलगी येत नाही. तीर्थरूपांचा सरसेनापती हा किताब कायम ठेविला, अधिकार तेवढे काढून घेतले. कन्यासाहेबांची कारकीर्द या दिवसापासून मोजावी. मागील साऱ्या शिकस्ती तीर्थरूपांच्या नावे जमा धराव्या.