मास्तरांची बारावी

रोझाल्बाने तिसऱ्यांदा फोन लावला, तेव्हाही पलीकडची कचेरीतली बाई तेच म्हणाली, "शिकवणारा बारावी पास असल्याचा कागद लागेल."

"अहो, मास्तरांनी अडतीस वर्षं इथे टूसॉन शहरातल्या सरकारी शाळांत गणित शिकवलंय!"

"असेल हो. पण बारावी?"

गणिताच्या तासाला तिच्या मुलीच्या, नायेलीच्या पोटात दुखायचं, ती रडायचीसुद्धा. शेवटी रोझाल्बाने तिला शाळेतून काढलं. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी सरकार पालकांच्या खात्यात पैसे टाकतं, त्यातून शेजारचे एलिसेओ मास्तर लावायचे ठरले. अकरा वर्षांची ती पोर ऐकायची तर फक्त त्यांचंच. मास्तर एक्याऐंशीचे. ते स्वतः शिकले ती शाळा कधीच बंद पडलेली, तिथलं नोंदींचं दप्तर जळालेलं.

"पेन्शनचा कागद चालेल?" रोझाल्बाने थकून विचारलं.

"त्यावर बारावी लिहिलंय? नाही ना? मग बारावीच्या बरोबरीची परीक्षा द्यायला सांगा त्यांना."

मास्तर दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देतो. पोरीचं नुकसान नको."

परीक्षा कॉम्प्युटरवर, आणि मास्तरांनी जन्मात माउस धरलेला नव्हता. ते काम नायेलीकडे आलं. रोज दुपारी कूलरच्या घरघरीत शिकवणी चाले.

"मास्तर, एकदाच दाबा!"

"मी एकदाच दाबतो गं. हे बावळट दोनदा ऐकतं."

शिवाय मास्तर संशयी. चुकीच्या जागी दाबलं गेलं तर? म्हणून सरावाचं प्रत्येक गणित नायेलीने आधी, अडलं तर त्यांना विचारत, कागदावर सोडवायचं, दोघांचं उत्तर जुळलं तरच मास्तर बटण दाबणार. रोझाल्बा शेजारी बसून फॉर्म भरायची, ते कचेरीतून परत यायचे, ती पुन्हा भरायची.

सहा आठवड्यांनी मास्तर पास झाले. कचेरीने मंजुरी दिली. सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, बीजगणिताचं पुस्तक घेऊन हजर झाले.

"पहिला धडा."

"येतो मला," नायेली म्हणाली.

"बरं, सातवा?"

"तोही येतो."

शेवटच्या धड्यातलं गणित तिने उभ्याउभ्या सोडवलं. मास्तरांनी चष्मा पुसला. "कधी शिकलीस हे?"

"तुमच्या परीक्षेच्या वेळी."

रोझाल्बाने टेबलावर डोकं टेकलं.

"ठीक आहे," मास्तर उठत म्हणाले, "उद्या पुढचं पुस्तक आणतो."

"उद्या नको, गुरुवारी या," नायेली म्हणाली. "उद्या तुमच्या बायकोला माउस शिकवायचाय. त्या फी म्हणून मक्याचे वाफवलेले तमाले देणार आहेत."

रोझाल्बाने डोकं न उचलताच विचारलं, "फॉर्म?"

"कसला फॉर्म? त्यांनी फक्त विचारलं, तिखट की बिनतिखट."