केक मांडीवर, होडी चिखलात

तीन मजली केक पाण्यातून न्यायचा, ही कल्पना विल्फची. हेस्टरने मोटारीचं नाव काढताच तो म्हणाला होता, "त्या खड्ड्यांतून? अगं, कालव्यावर कपातला चहासुद्धा हलत नाही!" नातीचं, टॅम्सिनचं, लग्न तीन वाजता होतं. चर्च कालव्याला लागूनच, वाटेत लॉक, म्हणजे पाणी भरून होडी वर चढवणारे दारांचे हौद, दोनच. सकाळपासून हेस्टर त्यांच्या 'लेडी मॉड' होडीच्या केबिनमध्ये केकच्या पहाऱ्याला बसली होती आणि दर वळणाला मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होती.

पहिल्या लॉकच्या हौदात विल्फने झडप उघडून पाणी घेतलं, तशी होडी उसळली. केकचा वरचा मजला बोटभर सरकला.

"विल्फ! केक!"

काठावरचं काम तसंच टाकून तो धावत आला. मजला जागेवर बसेपर्यंत दोघांना घाम फुटला. मग सगळीच घाई. हौद भरला, होडी वर निघाली, मागचं दार लोटलं गेलं. दुसऱ्या लॉकपाशी पोचले, तर एक भाड्याची होडी आधीच आत शिरलेली.

"झालं! सुट्टीतले नाविक," विल्फ कुरकुरला. भाड्याच्या होड्यांवर त्याचा भारी राग. त्यांच्याचसाठी त्याने 'लेडी मॉड'च्या मागच्या बाजूला रंगवून घेतलं होतं: 'झडप बंद करा. पाणी सगळ्यांचं आहे.'

होडी काठाला बांधून त्याने चहा ठेवला. चहा झाला, तोवर कपातला चहा एका बाजूला जमू लागला होता.

"विल्फ, आपण कलतोय का रे?"

विल्फने बाहेर डोकावलं. कालव्याचं पाणी खाली गेलं होतं आणि काठाला काळा चिखल दिसत होता. होडीने एक कूस टेकली. केक हळूच, अगदी सभ्यपणे, टेबलाच्या कडेकडे निघाला. हेस्टरने झेप घेऊन तो मांडीवर ओढला आणि खाली फतकल मारली.

"कुणीतरी झडप उघडी टाकलीय! सगळं पाणी खाली वाहून चाललंय!" विल्फ गरजला. "हेच ते भाड्याचे! आता सोडत नाही!"

तो दाराकडे वळला. हेस्टरची नजर त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर गेली. झडपा फिरवायचं लोखंडी हँडल तो झोपेतसुद्धा दूर ठेवत नसे. पट्टा रिकामा होता.

"विल्फ, तुझं हँडल..."

"इथे जीव चाललाय आणि तू हँडल कुठे काढतेस!"

हेस्टरने केकभोवती हात घातले. मांडीवर नातीचा केक, नाकाशी साखरेचा गुलाब. ती हलली असती तर टॅम्सिनला केक चमच्याने खावा लागला असता. बाहेर काठावर उभा राहून विल्फ निष्काळजी माणसांवर बोलत होता. ऐकायला दोन बदकं होती. होडी आणखी कलली.

"देवा," हेस्टर पुटपुटली, "पाणी आण. आणि जमलं तर त्याला थोडा वेळ गप्प कर."

दुसरी मागणी आधी पुरी झाली. विल्फचा आवाज मधेच तुटला. खिडकीतून हेस्टरला एक तरुण काठाकाठाने येताना दिसला. भाड्याच्या होडीवरचा पोरगा.

"आजोबा, घाबरू नका," तो म्हणाला. "आमच्या होडीवरची बेकी वरच्या लॉकमधून पाणी सोडतेय. मी खाली धावत जाऊन पहिल्या लॉकची झडप बंद करून आलो. तिथे हे अडकलेलं होतं. तुमचंच ना?"

त्याच्या हातात हँडल होतं. मुठीवर विल्फने स्वतः कोरलेलं होतं: 'डब्ल्यू. पार्जेटर. चोरू नये.'

"हं," विल्फ म्हणाला.

"होतं असं घाईत," पोरगा म्हणाला. मग त्याची नजर होडीच्या मागच्या बाजूला गेली. त्याने ती अक्षरं वाचली, अगदी सावकाश.

पाणी चढलं, होडी सरळ झाली. पण मशीन चिखल खाऊन बसलेलं, ते काही केल्या सुरू होईना. शेवटी बेकीनेच दोर फेकला. चर्चच्या घंटा वाजू लागल्या, तेव्हा पुलावर जमलेल्या सगळ्या वऱ्हाडाने पाहिलं: पुढे भाड्याची होडी, तिच्या दोराला 'लेडी मॉड', आणि दारात हेस्टर, मांडीवर अख्खा केक.

"अगं आजी, आणलास!" टॅम्सिन वरून ओरडली. "आजोबा, टोपी कुठेय तुमची?"

विल्फ बोडक्या डोक्याने सुकाणू धरून उभा होता. लग्नासाठी घेतलेली नवी टोपी होडीच्या मागे लटकत होती, बरोबर त्या अक्षरांवर.