हिरव्या फितीची फाईल

घरात कोणाला शब्द द्यायचा असेल तर आधी हातातला पेपर बाजूला ठेवावा. आवकरावांनी हे साधं पथ्य पाळलं नाही आणि पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं. या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली, पण अजूनही कोणी आठवण काढली की त्यांचा हात आधी मानेवरचा घाम पुसायला जातो.

आवकराव म्हणजे पालिकेच्या कचेरीतले आवक-जावक कारकून. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, वहीत त्याचा नंबर टाकायचा आणि तो पुढच्या टेबलाकडे सरकवायचा, हे त्यांचं काम. (पुढे सरकवायचा, हे नियमात होतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते येईलच.) त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं आणि सहीवरून कळण्यासारखं नव्हतं. सही म्हणजे एक गिरगटा होता.

त्यांची बायको शाळेत शिकवायची, म्हणून अख्खं गाव तिला बाई म्हणायचं. शाळा सुटली की वाचनालयाच्या मागच्या खोलीत बाई तरुण मुलींचा एक वर्ग घ्यायच्या. 'नेतृत्व प्रशिक्षण' असं त्याचं भारदस्त नाव होतं. मुली अठरा ते बावीसच्या. कोणी शिवण शिवणारी, कोणी दवाखान्यात केसपेपर काढणारी, कोणी शिक्षण पुरे म्हणून नुसतीच घरी बसवलेली. आपल्या गल्लीत काय चुकतंय ते हेरायचं, चारजणींना गोळा करायचं आणि ते काम ज्याच्या हातात आहे त्याच्यापुढे उभं राहून न घाबरता बोलायचं, एवढंच बाई शिकवायच्या. हे 'एवढंच' केवढं असतं ते, ज्यानं कधी सरकारी खिडकीपुढे उभं राहून पाहिलंय त्याला विचारा.

तर त्या शनिवारी वाचनालयाला रंग काढायला घेतला आणि वर्गाची खोली गेली.

"अहो, उद्या मुलींचा सराव कुठे घेऊ?" बाईंनी विचारलं.

"घे की आपल्याच घरी," आवकराव पेपरामागून म्हणाले.

"आणि कारकुनाचं काम करायला कोणीतरी हवंय. मी झाले की मुली हसतात."

"मी आहे की."

पेपर खाली आला तेव्हा बाई बारा कप शोधायला स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा होत्या.

रविवारी सकाळी दारात चपलांचा ढीग पडला. आवकरावांची आरामखुर्ची उचलून बाहेर गेली. स्वयंपाकघराच्या दारात एक टेबल आडवं लागलं, ती झाली खिडकी. टेबलामागे आवकराव, टेबलापुढे बारा मुली, आणि कोपऱ्यात वही घेऊन बाई. हौशी माणूस, त्यातून सुट्टीचा दिवस. आवकरावांनी खरोखरीचा शिक्का काढून टेबलावर ठेवला.

मुलींनी हातात घेतलेलं काम होतं वाचनालयाच्या बोळातल्या दिव्याचं. तो बंद पडून तीन महिने झाले होते. दिवस लहान होत चाललेले. वर्ग सुटेपर्यंत अंधार पडायचा आणि त्या बोळातून एकट्यादुकट्या मुलीनं यायचं म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. सात घरांनी सांगून टाकलं होतं की महिनाअखेरपर्यंत दिवा लागला तर वर्ग, नाहीतर वर्ग बंद. त्या सातांत सगळ्यात कडक बाप भोंग्याचा.

भोंगा ही मुलींतली सगळ्यात लहान. तिचा आवाज शेजारच्या मुलीलाही ऐकू जायचा नाही, म्हणून बाकीच्यांनी प्रेमानं तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. वर्ग बंद झाला तर दुसऱ्याच आठवड्यात तिला शेतातल्या कामावर नाहीतर बोहल्यावर, असा तिच्या घरचा हिशोब होता. ती हे कोणाला बोलली नव्हती. मुळात ती काहीच बोलायची नाही.

"आम्ही तीन महिन्यांपूर्वी अर्ज दिलाय," शिवण शिवणारी म्हणाली. "उत्तर नाही."

"अर्ज देणं वेगळं आणि अर्ज पोचणं वेगळं," आवकराव गंभीरपणे म्हणाले. मुलींनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. आता आयुष्यात या गृहस्थाचं वाक्य कोणी उतरवून घेतलं नव्हतं. बायकोनं तर ऐकूनही घेतलं नव्हतं. त्या क्षणी त्यांच्या अंगात वारं शिरलं ते शिरलंच.

"ऐका. पहिलं, आम्ही म्हणणार, साहेब मीटिंगला गेलेत. तुम्ही काय म्हणाल?"

"मग उद्या येतो," तिघी एकदम म्हणाल्या.

"चूक. तुम्ही म्हणायचं, आम्ही थांबतो. आणि तिथल्या बाकावर बसायचं. कारकुनाला बाकावर बसलेलं माणूस सहन होत नाही. दुसरं, आम्ही म्हणणार, तीन प्रतीत आणा. तुम्ही चार घेऊनच यायचं. तिसरं, हे आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं ते चिठ्ठीवर लिहून मागायचं."

"आणि तरीही नाही म्हणाले तर?" दवाखान्यातलीनं विचारलं.

आवकरावांनी आवाज खाली आणला. "मग ब्रह्मास्त्र. शांतपणे विचारायचं, आपलं पूर्ण नाव काय, आणि हे लेखी द्याल का? आम्ही लोक साहेबाला भीत नाही, बदलीला भीत नाही. स्वतःच्या नावाला भितो."

मुली खूश झाल्या. इथे थांबले असते तर आवकराव आजही घामाशिवाय ही गोष्ट सांगू शकले असते. पण शिवण शिवणारीनं एक प्रश्न विचारला.

"काका, अर्ज नकोच असेल तर तुम्ही तो फाडून टाकता का?"

"छे गं. फाडला तर गुन्हा. त्यावर 'चौकशीकामी' असा शेरा मारायचा आणि हिरव्या फितीच्या फाईलमध्ये ठेवून द्यायचा. ती फाईल माझ्या डाव्या हाताच्या कपाटात, सगळ्यात खाली. तिला हात लावणारा अजून जन्माला यायचाय."

कोपऱ्यात बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागल्या. त्या दिवशी भोंग्याची पाळी आली तेव्हा ती टेबलापुढे उभी राहिली, तिचे ओठ हलले आणि आवकरावांनी आपल्या सवयीनं "पुढचे या" म्हटलं. ती मागे फिरून बसली. तिचे डोळे भरून आले होते, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं.

सोमवारी साडेअकराला आवकराव नुकताच पहिला चहा संपवून बसले होते. खिडकीत सावली पडली. मान वर न करताच ते म्हणाले, "साहेब मीटिंगला गेलेत."

"आम्ही थांबतो," बारा आवाज आले.

आवकरावांनी मान वर केली. खिडकीपुढे कालचा अख्खा वर्ग. आतून, अर्ध्या दारामागून, मीटिंगला गेलेल्या साहेबांचा खोकला स्पष्ट ऐकू आला.

"अगं, इथे कशाला आलात?" ते कुजबुजले.

"दिव्यासाठी, काका."

"दिवा वीज विभागाचा. आमच्याकडे येत नाही ते."

दवाखान्यातलीनं चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. "तेवढं लिहून द्या."

"अर्ज नव्यानं करा. तीन प्रतीत."

शिवण शिवणारीनं चार प्रती ठेवल्या. (आवकरावांनी शपथेवर सांगितलंय की यातलं एकही वाक्य ते मुद्दाम बोलले नाहीत. बावीस वर्षांची सवय. तोंड आपलं आपण चालत होतं.) मग मुली बाजूला झाल्या आणि मधून भोंगा पुढे आली. तिनं खिडकीच्या लाकडाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती.

तिचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही.

'पुढचे या' एवढं म्हटलं की सुटका होती. शब्द जिभेवर आलाही होता. पण ती मागे फिरली नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

"आमचा अर्ज डाव्या कपाटात आहे. सगळ्यात खाली. हिरव्या फितीच्या फाईलमध्ये."

टायपिस्टबाईंची बोटं थांबली. अर्ध्या दारावरून साहेबांचं डोकं वर आलं. "कसली फाईल?" त्यांनी विचारलं. आठ वर्षं या कचेरीत काढून त्यांना ती ठाऊक नव्हती, हेच त्या फाईलचं यश होतं.

फाईल निघाली. वरची धूळ झटकली तेव्हा साहेब शिंकले. वरून पाचवा कागद वाचनालयाच्या बोळातल्या दिव्याचा. त्यावर तीन महिन्यांपूर्वीचा शिक्का, 'चौकशीकामी' हा शेरा आणि खाली एक गिरगटा.

"ही कोणाची सही?" साहेबांनी विचारलं.

सही कोणाचीही असू शकली असती. आवकराव ती नाकारू शकले असते. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. भोंगा मागे फिरली नव्हती, आणि आता तिचा आवाज अगदी शेवटच्या बाकापर्यंत गेला. "काका, आपलं पूर्ण नाव काय? आणि हे लेखी द्याल का?"

खरं सांगायचं तर आवकरावांना त्या वेळी भीती वाटली, लाज वाटली आणि या दोन्हींपेक्षा जास्त अभिमान वाटला. काल 'पुढचे या' म्हणून ज्या पोरीला बसवलं, तीच आज त्यांचीच शिकवणी त्यांनाच खडाखडा म्हणून दाखवत होती. त्यांनी पेन उचललं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, वाचता येईल अशा अक्षरात. टायपिस्टबाई उठून ते बघायला आल्या. त्यांना बावीस वर्षांनी उलगडा झाला.

पाचव्या दिवशी दिवा लागला. सहाव्या दिवशी आवकरावांना मेमो मिळाला.

तो मेमो घेऊन घरी आले तेव्हा बाई वह्या तपासत होत्या.

"तुला ठाऊक होतं तो अर्ज माझ्याकडे आहे ते?"

"दोनदा सांगितलं तुम्हाला जेवताना. पेपरामागून हूं म्हणालात."

"मग एकदा पेपर ओढून सांगायचंस. दुसऱ्या दिवशी काम केलं असतं."

"तुम्ही केलं असतंत हो," बाई म्हणाल्या. "पण मग ते माझ्या वशिल्यानं झालं असतं. त्या पोरींना माझा नवरा जन्मभर थोडाच पुरणार आहे?"

त्या संध्याकाळी दोघं वाचनालयाच्या बोळातून चालत गेले. दिव्याखाली मुली घोळक्यानं उभ्या होत्या आणि सगळ्यांत मोठ्यानं भोंगा बोलत होती. तिचा बाप सायकल धरून बाजूला उभा होता. तो आवकरावांना म्हणाला, "आमची पोर एवढं बोलते, हे आम्हाला नव्हतं माहीत." बाईंनी तो मेमो पुढे चौकट करून भिंतीवर लावला. अजून आहे. कडा पिवळ्या पडल्यात.

भोंगा पुढे स्वतःच असे वर्ग घ्यायला लागली. आता अकरा गावांत वर्ग आहेत, छापील पुस्तिका आहे आणि तिच्यातला पाचवा सराव 'खिडकी' या नावाचा आहे. बाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या हल्ली खुर्चीत बसून नुसत्या ऐकतात. मुलींचे चेहरे बदलले, तरी खिडकीपुढे पहिल्यांदा उभं राहिल्यावर त्यांची बोटं तशीच पांढरी पडतात, असं त्या सांगतात.

गेल्या महिन्यात त्या पहिल्या 'खिडकी'ला तीस वर्षं झाली म्हणून समारंभ ठरला. त्यात पाचवा सराव करून दाखवायचा होता. कारकून मिळेना. आवकराव पेपर वाचत होते.

"मी आहे की," ते म्हणाले.

तालमीला एक तरुण प्रशिक्षक मुलगी होती, नव्यानं लागलेली, मोठी शिस्तीची. तिला आवकराव कोण ते ठाऊक नव्हतं आणि त्यांनीही मजा म्हणून सांगितलं नाही. टेबल मांडलं. आवकरावांनी घसा साफ केला. समोर अठरा वर्षांची एक पोर येऊन उभी राहिली, टेबलाची कड घट्ट धरून. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"घाबरू नकोस गं, बाळ," आवकरावांच्या तोंडून निघून गेलं. "आधी बस. पाणी पी. काय काम आहे ते सावकाश सांग, आपण करू."

प्रशिक्षक मुलीनं टाळी वाजवून तालीम थांबवली.

"आजोबा, राग मानू नका," ती म्हणाली, "पण कारकून असा नसतो. तुम्हाला कचेरीचा अनुभव नाही, त्याला तुमचा इलाज नाही." तिनं पुस्तिकेचं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. "पाचवा सराव. यातला कारकून नीट वाचून काढा. आणि उद्या या."