नळावरचा अमेरिकन तक्ता

वैजयंतीच्या भावाचा, ऋतुराजचा, साखरपुडा उद्यावर आला होता. मंगळवेढ्याहून साठ माणसं जेवायला येणार होती आणि घरात पाणी होतं साडेतीन घागरी. पण काळजी कुणालाच नव्हती, कारण आज पाण्याचा दिवस! शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात चौदा घरांत मिळून एक नळ, पाणी पाचव्या दिवशी, सकाळी सात ते साडेआठ. शेवटच्या तीन-चार घरांना नुसता नळाचा खोकला ऐकू येतो. पण वैजयंतीच्या घराचा नंबर आज तिसरा होता. तिसरा म्हणजे राजयोगच की!

घोळ झाला तो तीन महिन्यांपूर्वी, आणि केला वैजयंतीनेच.

त्याआधी नळावर राजाबाईंचं राज्य होतं. कुणी रांग मोडली की राजाबाई त्या माणसाचं तोंड बघायच्या आणि तोंडाप्रमाणे शिक्षा द्यायच्या. "हिचं लेकरू तापलंय, जाऊ द्या हिला." "ही लई मिजास करती, जा सहा नंबर मागं." आता वैजयंती पडली लॉच्या तिसऱ्या वर्षाला, आणि तिला प्रोजेक्ट मिळाला होता अमेरिकेतल्या केंद्रीय कोर्टांच्या शिक्षांवर. तिकडे म्हणे एकाच गुन्ह्याला एक जज दोन वर्षं द्यायचा, दुसरा वीस. मग त्यांनी तक्ताच करून टाकला. उभ्या बाजूला गुन्हा, आडव्या बाजूला मागचा इतिहास, दोन बोटं जिथं भेटतील तिथं शिक्षा. हे वाचलं आणि पोरीच्या अंगातच आलं.

"मावशी, न्याय तोंड बघून करायचा नसतो," ती राजाबाईंना म्हणाली.

"मग काय बघून करायचा? पाठ?"

"तक्ता बघून!"

दुसऱ्या दिवशी लॅमिनेशन केलेला तक्ता नळाशेजारच्या भिंतीवर. सोबत गुन्ह्यांची वही. लोकांना समजावं म्हणून वैजयंतीने वहीतला पहिला गुन्हा नमुना म्हणून स्वतःच्याच घराच्या नावावर लिहिला. काय ती हौस!

पहिली सापडली कमलम्मा. नळासमोरून रिकामं पिंप घेऊन चालली होती बिचारी. वैजयंतीने अडवलं. "ठरल्यापेक्षा मोठं भांडं. किती पाणी घेतलं ते बघायचं नाही, किती मावतं ते बघायचं. दहा घागरींच्या वर, सहा नंबर मागे!"

"अय्यो, भोक हाय की त्याला! भंगारात घालाया निघाले मी. बोट घालून बघ भोकात!"

"भोकाचा रकाना तक्त्यात नाही, कमलम्मा."

मग सुधारणा सुरू झाल्या. गुन्हा कबूल केला तर एक नंबर माफ. झालं, बायका गुन्हा करायच्या आधीच कबूल करायला लागल्या. दुसऱ्याचा गुन्हा सांगितला तर आणखी एक माफ. वहीत त्याला 'सहकार्य' म्हणायचं, बोळात चुगली म्हणायचे. भुवनेश्वरीच्या सासूने तर सहकार्याच्या भरात सुनेचंच नाव सांगितलं आणि स्वतःचं घर चार नंबर मागे नेलं! शिक्षा झालेली माणसं शेजारून पाणी मागून घेतात हे कळल्यावर वैजयंतीने आणखी एक ओळ घातली: शिक्षा झालेल्या घराला पाणी देणे, दोन नंबर मागे.

असं सगळं कायदेशीर चाललं होतं. आणि आज सकाळी पावणेसातला मंडपवाल्याचा टेम्पो आला, खुर्च्या, पातेली उतरली, आणि एक भलंमोठं निळं पिंप त्या माणसाने ठेवलं नेमकं नळाखाली.

राजाबाईंनी चष्मा लावला. "कुनाचं हाय ह्ये?"

"आमचं, पण मावशी, ते रिकामं आहे. मंडपवाल्याने ठेवलंय!"

"मंडपवाल्याचा रकाना न्हाय तक्त्यात," कमलम्मा मागून म्हणाली. किती गोड म्हणाली!

राजाबाईंचं एक बोट खाली निघालं, एक आडवं. "धा घागरींच्या वर. पयला गुन्हा असता तर सहा. पर वहीत मागचा एक हाय तुमच्या नावावर."

"तो नमुना होता!"

"अक्षर तुजंच हाय ना? मग धा नंबर मागं."

तिसरी होती, तेरावी झाली. वैजयंतीची आई, विजयमाला, तिथंच कट्ट्यावर बसली. "अगं, उद्या साठ माणसांचे हात काय रुमालानं पुसायचे का?"

"मावशी, तुम्ही आधी कशा तोंड बघून सोडायच्या! आज बघा की माझं तोंड," वैजयंती रडवेली झाली.

"आदी शिव्या मला खायला लागायच्या, पोरी. आता तक्ता खातोय. लई बरं चाललंय माजं."

"पण अमेरिकेतसुद्धा शेवटी तक्ता नुसता सल्ला म्हणून धरायचा असं ठरलं!"

"कवा ठरलं?"

"अठरा वर्षांनी."

"मग आपल्याला अजून वेळ हाय की."

तरी वैजयंतीने तिथंच सभा घेतली. तक्ता नुसता सल्ला असावा, म्हणून हात वर करवले. सगळ्यांनी केले, राजाबाईंनीसुद्धा. ठराव पास! "लागू म्होरल्या पाण्यापास्नं," राजाबाई म्हणाल्या, "आजचा गुन्हा जुन्या कायद्यातला हाय." आणि या सगळ्या सभेत वीस मिनिटं नळ मोकळाच वाहत होता. अकराव्या घराला नळ खोकला.

दुपारी ऋतुराज मंगळवेढ्याला फोन लावू का, साखरपुडा पुढे ढकलू का, विचारत होता. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. भुवनेश्वरी, पदराखाली घागर. "कुनाला सांगू नका." मग पुढच्या दाराने कमलम्मा, डोक्यावर दोन. "पोराचा साखरपुडा हाय. पाण्याशिवाय कसा व्हईल?" मग एकेक करून बाकीच्या बायका. तासाभरात ते निळं पिंप गळ्यापर्यंत भरलं. वैजयंतीचे डोळेसुद्धा भरले.

सगळ्यांत शेवटी राजाबाई आल्या. भर रस्त्याने, उघड्यावर, दोन्ही काखांत घागरी. ओतल्या आणि दम खात खुर्चीवर बसल्या.

"मावशी..." वैजयंती त्यांच्या पाया पडायला वाकली.

"पाया नंतर पड. आदी वही आन. शिक्षा झालेल्या घराला पानी दिलं. दोन नंबर मागं, व्हय ना?"

"अहो, जाऊ द्या ना!"

"जाऊ द्या कसं? कायदा हाय. मी कबूल केलं, एक माफ. ऱ्हायला एक." राजाबाईंनी पिंपात वाकून पाणी बघितलं, घोटभर पिऊन तोंड पुसलं, आणि खुर्ची जवळ ओढली.

"आता सहकार्य लिव. कमलम्मा, दोन घागरी..."