विमानाच्या घासलेटाचा सत्कार

माणसाने काय केले, यापेक्षा त्याचा सत्कार कसा झाला याला सार्वजनिक जीवनात जास्त महत्त्व असते, ही बाब आता वादातीत आहे. चौसाळ्याच्या आमच्या गुणवंत सत्कार समितीने गेल्या नऊ वर्षांत एकशे बारा गुणवंत सत्कारले. त्यांपैकी एकशे चार जणांनी नेमके काय केले, याची दप्तरी नोंद नाही. शाली मात्र सगळ्यांना मिळाल्या. मी या समितीचा सचिव, आसाराम. (निवृत्त ग्रामसेवक. भाषेला शिक्क्याची शाई लागलेली दिसल्यास क्षमस्व.)

मेंढरं राखणाऱ्या सुग्रीवची थोरली मुलगी धनश्री यंदा पुण्यात पीएच.डी. झाली. विषय : विमानाचे इंधन अतिउष्णतेत कसे फुटते. समितीने फोनवर खुलासा मागवला, तेव्हा ती म्हणाली, की विमानाचे इंधन म्हणजे मुळात चांगले गाळलेले घासलेटच. हे तिने बोलायला नको होते. सुग्रीवच्या पोरीने सहा वर्षे घासलेट जाळले, ही बातमी चार दिवसांत तलवाड्याला पोहोचली. रेशनवरचे घासलेट कुठे गेले, याचाही गावाला उलगडा झाला.

सत्काराच्या सकाळी सुग्रीवच्या घरी वेगळाच विषय निघाला. तलाठी भरतीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता.

"डाक्टरकी झाली, ब्येस झालं," सुग्रीव लेकीला म्हणाला. "पर लोकं इच्यारत्यात, पोरगी करती काय? मला सांगता येत न्हाई. तलाठी म्हणलं की काय सांगावंच लागत न्हाई."

धनश्रीला त्याच प्रयोगशाळेत आणखी दोन वर्षे काम करण्याचे पत्र आले होते. तिने ते घडी घालून बॅगेत ठेवले. मग म्हणाली, "आण्णा, आज सत्कारात माझं काम सांगते. तुम्हाला कळलं नाही, तर दुपारी फॉर्म भरते."

हा करार समितीला ठाऊक नव्हता. असता, तर आम्ही भाषणे चौदाऐवजी बारा ठेवली असती.

कार्यक्रम दहाचा होता, तो वेळेवर साडेबाराला सुरू झाला. फलकावर एकसष्ट शुभेच्छुकांचे फोटो होते. सत्कारमूर्तीच्या फोटोला जागा उरली नाही. (पुढील वेळी विचार होईल.) अध्यक्ष सुंदरराव पन्नास मिनिटे बोलले. "विमानाचं तेल आपल्या लेकीनं शोधलं! आता विमानाला चौसाळ्यात उतरावंच लागंल!" यावर प्रचंड टाळ्या पडल्या आणि धावपट्टी कोणाच्या माळावरून जाणार, यावरून दोन सख्खे भाऊ जागीच भांडले. दोघेही समर्थकांसह उठून गेल्याने त्यांतल्या एकाचे भाषण टळले.

मग धनश्रीला पाच मिनिटे देण्यात आली.

ती म्हणाली, "फार वेगानं उडणारं विमान इतकं तापतं, की त्याला गार करायला हवा पुरत नाही. म्हणून जाळण्याआधी इंधनच बारीक नळ्यांतून इंजिनाभोवती फिरवतात. इंधनात कार्बनच्या लांब साखळ्या असतात, दहाबारा कड्यांच्या. पाचशे अंशांच्या आसपास त्या तुटायला लागतात आणि तुटताना उष्णता पिऊन घेतात. तिथवर फायदाच आहे. पण तुटलेले काही तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात. त्यांचा काळा थर नळीच्या आत बसतो. नळी तुंबली, की इंजिन गेलं."

तिसऱ्या रांगेत सुग्रीव पटका मांडीवर घेऊन बसला होता. गुरांचा डॉक्टर इंग्रजीत रोग सांगतो तेव्हा होतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. धनश्रीने तो पाहिला आणि माईक खाली ठेवायला लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब गं बाई."

त्या दगडाबाई. हमरस्त्याला त्यांचा भज्यांचा गाडा आहे. त्या ऐकायला आल्या नव्हत्या, नाश्ता द्यायला आल्या होत्या.

"तेल लई तापलं की कढईला काळं धरतं. त्येच का हे?"

"जवळजवळ तेच, मावशी!"

"मग खरवडता कशानं?"

"खरवडताच येत नाही. नळी फार बारीक असते."

"मग धरूच द्यायचं न्हाई! मधलं तेल हलतं, त्येला काय होत न्हाई. कडंला जे बसून ऱ्हातं, त्येच जळतं. मी झारा कडंनं फिरविते."

धनश्री खुर्चीवर बसलीच. "मावशी, नळीतही भिंतीलगतचं इंधनच रेंगाळतं. हे मोजायला मला दोन वर्षं लागली."

"मला सासूनं पैल्या दिशीच सांगितलं," दगडाबाई म्हणाल्या आणि प्लेटा मोजायला लागल्या.

सुग्रीव उठून उभा राहिला. जाहीर सभेत तो आजवर उभा राहिलेला नव्हता. "मंजी, पोरी, इमानाच्या कढईला काळं धरू नाई, ह्ये तुजं काम हाय?"

"होय, आण्णा."

"मग सा वर्सं आसं कावून न्हाई सांगितलं?" त्याने पटका डोक्याला गुंडाळला, शेवटचा वेढा दिला आणि खाली बसता बसता म्हणाला, "फारम ऱ्हाऊ दे."

इतिवृत्तात 'सत्कारमूर्ती भारावल्या' अशी नोंद आहे. (हे वाक्य आमच्याकडे छापीलच असते. खरे ठरण्याची ही पहिली वेळ.)

धनश्री पुण्याला गेली. सुग्रीव हल्ली चकलांब्याकडे मेंढरं घेऊन जाताना वाटेत भेटेल त्याला थांबवतो आणि न विचारता सांगतो. समितीने विमानतळाचा ठराव एकमताने मंजूर केला असून जागा ठरवण्यासाठी दोन उपसमित्या नेमल्या आहेत, प्रत्येक भावाची एक.

आमच्या गावाला हसून झाले असेल, तर समितीची एक नम्र विनंती आहे. तुमच्या घरातून किंवा शेजारून जी मुलगी रोज सकाळी बॅग घेऊन कामाला निघते, ती तिथे नेमके काय करते, ते एका वाक्यात लिहून पाठवावे. 'मोठ्या कंपनीत आहे' हे उत्तर बाद धरले जाईल. अडल्यास तिला विचारण्यास हरकत नाही. (मात्र ती तुम्हाला एकदा सांगून चुकली आहे, आणि तेव्हा तुम्ही "अरे वा" म्हणाला होतात.)